एकोणीस पदार्थांची यादी आणि एरंडवण्यातील ॲलर्जीचा दवाखाना

गेल्या जून महिन्यात आम्ही आमच्या पाच वर्षांच्या मुलाला घेऊन पुण्याच्या एरंडवण्यातील, कर्वे रस्त्यापासून आत गेलेल्या गल्लीतल्या, लहान मुलांच्या ॲलर्जीच्या दवाखान्यात पहिल्यांदा गेलो, तेव्हा आमच्या पिशवीत एका प्रयोगशाळेचा रंगीत अहवाल होता आणि त्यात लाल अक्षरांत छापलेली एकोणीस पदार्थांची यादी होती. गहू, दूध, अंडे, तूरडाळ, वांगे, नारळ, तीळ, शेंगदाणा, काजू, केळे अशी ती यादी दीड पान खाली जात होती. दहा महिन्यांत आमच्या पाच फेऱ्या झाल्या आणि आता त्या यादीत शेंगदाणा व काजू ही दोनच नावे उरली आहेत. दवाखान्याविषयी आमच्या तक्रारीही आहेत आणि त्या पुढे लिहिल्या आहेत. परंतु मुलाच्या ताटातून उगाच काढून टाकलेले सतरा पदार्थ ज्यांनी कारणासहित परत दिले, त्यांच्या कामाची नोंद करावी, यासाठी हा अभिप्राय लिहीत आहे. दवाखान्याचे नाव डॉक्टरांच्याच इच्छेवरून दिलेले नाही. त्यामुळे शहरातल्या कोणत्याही ॲलर्जी दवाखान्यात गेल्यावर काय मिळायला हवे, हे पडताळून पाहण्यासाठीही हा मजकूर वापरता येईल.

मुलाला पहिला मोठा त्रास झाला तो तीन वर्षांचा असताना. लोणावळ्याहून आणलेल्या चिक्कीचा एक तुकडा त्याने खाल्ला आणि दहा मिनिटांच्या आत ओठ सुजले, अंगावर गांध्या उठल्या, एक मोठी उलटी झाली आणि रडण्याचा आवाज घोगरा झाला. जवळच्या रुग्णालयात मांडीत इंजेक्शन दिल्यावर तो पाऊण तासात खेळू लागला. दुसऱ्या दिवशी घरी पाठवताना ‘शेंगदाणा देऊ नका’ एवढे एकच वाक्य आम्हाला सांगण्यात आले; पुन्हा असे झाले तर काय करायचे, हे कोणी सांगितले नाही आणि त्या घाबरलेल्या अवस्थेत आम्हीही विचारले नाही. नंतर ओळखीतल्या एकांनी सुचवले म्हणून ६,५०० रुपये भरून रक्ताची ‘संपूर्ण फूड पॅनेल’ तपासणी करून घेतली आणि ती एकोणीस नावे हाती आली. त्यातले बहुतेक पदार्थ तो आदल्या दिवसापर्यंत मजेत खात होता, ही गोष्ट तेव्हा आमच्या ध्यानातच आली नाही. छापील कागदापुढे डोळ्यांदेखतचा अनुभव किती सहज मागे पडतो, याचे मला आजही नवल वाटते. पुढची दीड-दोन वर्षे ज्वारीची भाकरी, मऊ भात, मूगडाळ आणि चार भाज्या यांवर गेली. वाढदिवसाला वेगळा डबा, लग्नाला वेगळा डबा. वजन १४ किलोवर येऊन थांबले.

या दवाखान्यात तो रंगीत अहवाल डॉक्टरांनी वाचला, तळाच्या बारीक अक्षरांवर बोट ठेवले आणि तपासणी आयजीजी या प्रतिद्रव्याची (अँटीबॉडीची) आहे, हे आम्हाला दाखवले. शेंगदाण्याने ओठ सुजतात त्या प्रकारच्या ॲलर्जीमागे आयजीई हे वेगळे प्रतिद्रव्य असते. आयजीजी एवढेच सांगते की हा पदार्थ शरीराच्या परिचयाचा आहे, म्हणजे मूल तो खात आले आहे. खाद्यपदार्थांच्या ॲलर्जीच्या निदानासाठी अशी तपासणी करू नये, असे युरोपीय ॲलर्जी अकादमीच्या कृतिगटाने २००८ सालीच म्हटले आहे, हे त्यांनी शांतपणे सांगितले. प्रयोगशाळेविषयी किंवा आमच्याविषयी एकही कडू शब्द त्या बोलल्या नाहीत, याचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. माझ्या मनात मात्र कडू शब्द पुष्कळ होते.

पहिल्या भेटीची जवळजवळ पन्नास मिनिटे प्रश्नोत्तरांत गेली. काय खाल्ले, किती खाल्ले, किती वेळाने त्रास सुरू झाला, आधी त्वचेवर की आधी पोटात, त्या दिवशी ताप होता का, खाल्ल्यावर तो धावपळ करत होता का, तोच पदार्थ त्यापूर्वी किंवा त्यानंतर कधी पोटात गेला का, असे प्रश्न त्यांनी एकेका पदार्थाबाबत विचारले. सासूबाई आमच्याबरोबर होत्या. डॉक्टर त्यांच्याकडे वळून म्हणाल्या, “आजी, दिवसभर तो तुमच्याजवळ असतो. तुम्हाला काय आठवतं?” त्यावर सासूबाईंनी सांगितले, की वर्षाचा असताना काजू वाटून घातलेली खीर भरवली, तेव्हा त्याच्या तोंडाभोवती लाल चट्टे आले होते, खीर गरम असेल म्हणून त्यांनी कोणाला सांगितले नव्हते. कोणत्याही कागदावर नसलेली ही माहिती पुढे महत्त्वाची ठरली. एरवी दवाखान्यात आजीला बाहेरच्या बाकावर बसवण्याची आपल्याकडे पद्धत आहे, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

त्वचेवरची चाचणी आठ दिवसांनी झाली, कारण त्यापूर्वी सेटिरिझिनसारखी ॲलर्जी दाबणारी औषधे काही दिवस बंद ठेवावी लागतात. हाताच्या आतल्या बाजूला पेनाने खुणा करून प्रत्येक खुणेजवळ एक थेंब ठेवला आणि थेंबातून त्वचेला अगदी वरवर टोचले. रक्त आले नाही. मुलाने फक्त पहिल्या टोचणीला हात ओढला. थेंबांपैकी एक हिस्टामिनचा (ॲलर्जीत शरीरच सोडते त्या द्रव्याचा) आणि एक नुसत्या मिठाच्या पाण्याचा होता. पहिल्याने गांधी उठलीच पाहिजे आणि दुसऱ्याने उठता कामा नये, तरच बाकीची चाचणी विश्वासार्ह. पंधरा मिनिटांनी परिचारिकाताईंनी प्रत्येक गांधीची कड पेनाने रेखली, त्यावर पारदर्शक चिकटपट्टी दाबून ती आकृती उचलली आणि मुलाच्या कागदावर चिकटवली. शेंगदाणा ९ मिलिमीटर, काजू ७, तीळ ३. दूध, गहू, अंडे, तूरडाळ यांच्या जागी काहीच नाही. तो कागद आमच्या धारिकेत आहे आणि मुलगा पाहुण्यांना तो स्वतःचा नकाशा म्हणून दाखवतो.

इथे या दवाखान्याचे वेगळेपण मला जाणवले. मिठाच्या पाण्याच्या खुणेपेक्षा ३ मिलिमीटर किंवा अधिक मोठी गांधी आली की चाचणी ‘सकारात्मक’ म्हणायची, असा प्रघात आहे. परंतु सकारात्मक चाचणीचा अर्थ शरीराने त्या पदार्थाची दखल घेतली आहे एवढाच होतो, तो खाल्ल्यावर त्रास होईलच असे त्यातून ठरत नाही. शेंगदाणा आणि काजू यांच्या बाबतीत घडलेला प्रसंग व चाचणी दोन्ही एकाच दिशेला होते, म्हणून ते बंद. काजूशी पिस्त्याचे फार जवळचे नाते असल्याने तोही बंद. (आंबाही त्याच कुळातला, परंतु तो मुलगा लहानपणापासून बिनातक्रार खातो, म्हणून हापूस वाचला.) ज्यांची चाचणी कोरी आली आणि जे पूर्वी सुखरूप खाल्लेले होते, ते सगळे पदार्थ एकेक करून घरीच सुरू करायला सांगितले. तिळाचे मात्र ठरत नव्हते, कारण गांधी लहान होती आणि मुलाने तीळ खाल्ल्याचे आम्हा कोणालाच खात्रीने आठवत नव्हते. अशा वेळी तीळही बंद करून मोकळे होणे डॉक्टरांना सोपे गेले असते. त्यांनी तसे केले नाही. तो पदार्थ दवाखान्यात देखरेखीखाली खाऊ घालून पाहण्याची चाचणी सुचवली.

ती चाचणी जानेवारीत, संक्रांतीच्या पाच दिवस आधी झाली. सकाळी नऊ वाजता हलके खाऊन आलेल्या, सर्दी-खोकला नसलेल्या मुलाला आधी नीट तपासले, बोटाला ऑक्सिजन मोजण्याचा चिमटा लावला आणि त्याच्या वजनाप्रमाणे भरलेले ॲड्रेनलिनचे, म्हणजे तीव्र ॲलर्जीवरच्या तातडीच्या औषधाचे, इंजेक्शन शेजारच्या ट्रेमध्ये झाकून ठेवले. भाजलेल्या तिळाची पूड आम्ही घरूनच नेली होती, कारण बाजारातल्या पुडीत शेंगदाण्याचा अंश असू शकतो. परिचारिकाताईंनी ती छोट्या काट्यावर तोलून दह्यात कालवली. पहिला घास चिमटीभर पुडीचा. मग दर वीस मिनिटांनी वाढत वाढत सहावा घास दोन चमचे पुडीचा. चौथ्या घासानंतर मुलगा मानेपाशी जोरात खाजवू लागला आणि खोलीतली आम्ही सगळी माणसे एकदम उभी राहिलो. डॉक्टरांनी त्याचा शर्ट वर केला, पाठ पाहिली, छातीला नळी लावली, आवाज ऐकण्यासाठी त्याला नाव सांगायला लावले आणि शेवटी कॉलरच्या आतली नव्या शर्टाची टोचणारी पट्टी कात्रीने कापून टाकली. पाचवा घास दहा मिनिटे उशिरा दिला. सहाव्यानंतर दोन तास थांबवून, दुपारी दोन वाजता, ‘तीळ चालेल’ असे लिहून आम्हाला घरी सोडले. या अर्ध्या दिवसाचे ५,००० रुपये घेतले. ते जास्त आहेत असे यजमानांचे मत. मला वाटले नाहीत.

त्या संक्रांतीचे तिळगूळ घरीच केले, दाण्याचे कूट न घालता.

खाऊ घालून केलेल्या या चाचणीइतकेच मोलाचे म्हणजे आम्हाला दिलेले इंजेक्शनचे प्रशिक्षण. परदेशात अशा मुलांच्या पालकांजवळ पेनासारखे स्वयंचलित इंजेक्शन असते. साधारण १५ किलोपासून पुढच्या मुलांना ०.१५ मिलिग्रॅमचे देतात. आमच्या भागातल्या औषधांच्या चार दुकानांत विचारूनही ते मिळाले नाही. म्हणून दवाखान्याने काचेची ॲम्पूल (औषधाची बंद कुपी) आणि १ मिलिलिटरची सिरिंज यांवर आम्हा तिघांकडून सराव करून घेतला. प्रमाण किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम, ॲम्पूलमध्ये १ मिलिलिटरला १ मिलिग्रॅम, म्हणून १४ किलोला ०.१४ मिलिलिटर. फेब्रुवारीत वजन १६ किलो भरल्यावर त्यांनी कागद बदलून ०.१६ लिहून दिले. (हा आकडा आमच्या मुलाचा आहे, प्रत्येकाने आपला आकडा आपल्या डॉक्टरांकडून लिहून घ्यावा.) मधुमेहाची सिरिंज वापरायची नाही, कारण तिच्यावरच्या खुणा युनिटच्या असतात आणि सुई आखूड असल्याने औषध स्नायूपर्यंत पोचत नाही, हे सासूबाईंना विशेष बजावले, कारण त्यांच्याकडे तशा सिरिंजा असतात. सराव मोसंबीवर झाला. यजमानांनी पहिल्याच प्रयत्नात काचेची मान मोडताना अंगठा कापून घेतला. तेव्हापासून डब्यात ॲम्पूलबरोबर कापसाची घडीही असते. टोचायचे मांडीच्या बाहेरच्या बाजूला, गरज पडल्यास विजारीवरूनच. आधी सेटिरिझिन देऊन वाट पाहायची नाही, कारण ते खाज थांबवते, श्वास नाही. श्वासाला त्रास, आवाज बदलणे, गांध्यांबरोबर उलट्या किंवा एकदम मलूल होणे यांपैकी काही दिसले की आधी ॲड्रेनलिन, मग मुलाला आडवे ठेवून १०८ ला फोन. पाच मिनिटांत उतार नसेल तर दुसरा डोस. उतार पडला तरी रुग्णालयात जायचेच, कारण काही तासांनी त्रास पुन्हा उलटू शकतो. हे सगळे आमच्याकडून तोंडी म्हणवून घेतले, दर भेटीत पुन्हा म्हणवून घेतात आणि विसरलो तर रागावतातही.

आता तक्रारी. एवढे उत्तम शिकवणाऱ्या दवाखान्याने हाती दिलेला छापील कागद मात्र इंग्रजीत आहे. दुपारी मुलाजवळ सासूबाई असतात. त्यांना तो वाचता येत नाही. मीच त्याचे मराठी करून फ्रिजवर लावले. आहाराचा तक्ता तर सरळ परक्या मुलखातून उचललेला वाटतो. ‘ग्रॅनोला बार, पीनट बटर सँडविच, ट्रेल मिक्स टाळा’ असे त्यात ठळकपणे लिहिले आहे. दाण्याच्या कुटाचा त्यात उल्लेखही नाही! ज्या स्वयंपाकघरात कोशिंबिरीत कूट, भरल्या वांग्यात कूट, पालेभाजीच्या पातळ भाजीत दाणे, उपासाच्या खिचडीत कूट, आमटी दाट व्हावी म्हणून कूट आणि तोंडी लावायला दाण्याची चटणी असते, तिथे शेंगदाणा टाळणे म्हणजे काय, हे त्या तक्त्याला ठाऊकच नाही. चतुर्थीला शेजारून आलेली वाटी, चिवड्यातून दाणे निवडून ‘आता चालेल’ म्हणून पुढे केलेला बकाणा, एकच पळी दोन पातेल्यांत फिरणे, मिसळीवरचे फरसाण, गणपतीत रोज वेगळ्या घरून येणारी खिरापत, स्वस्त मिठाईवर पिस्ता म्हणून पेरलेले हिरव्या रंगातले शेंगदाण्याचे काप, या आमच्या खऱ्या अडचणी आहेत. तेलाचेही तसेच. पूर्ण रिफाइंड शेंगदाणा तेलातली प्रथिने जवळजवळ निघून गेलेली असतात, परंतु सध्या पुण्यात गल्लोगल्ली मिळणाऱ्या लाकडी घाण्याच्या तेलात ती राहतात. हे डॉक्टरांनी विचारल्यावर नेमके सांगितले, पण विचारावे लागले. मी दोन पानांची मराठी यादी करून त्यांना दिली. त्यांनी मनापासून आभार मानले, छापून घेऊ म्हणाल्या, आणि पुढच्या भेटीत नव्या पालकांच्या हाती तोच ग्रॅनोलाचा कागद पडताना मी पाहिला.

वेष्टणे वाचायला शिकवण्याचे काम मात्र नीट होते. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांप्रमाणे ग्लूटेनयुक्त धान्ये, कवचधारी जलचर (कोळंबी, खेकडे), दूध, अंडे, मासे, शेंगदाणे व कठीण कवचाची फळे (काजू, बदाम वगैरे), सोयाबीन आणि ठरावीक प्रमाणावरील सल्फाइट (पदार्थ टिकवण्याचे रसायन) यांचा वेष्टणावर वेगळा उल्लेख करावा लागतो. त्या यादीत तीळ नाही. अमेरिकेत तो २०२३ पासून सक्तीच्या यादीत आला आहे, आपल्याकडे तिळाची ॲलर्जी असलेल्या मुलाच्या आईला घटकांची पूर्ण ओळच वाचावी लागते. दहा किंवा अधिक शाखा असलेल्या उपाहारगृहांनी ही माहिती मेन्यूवर द्यायची आहे. कोपऱ्यावरच्या हलवायाला तो नियम लागू नाही आणि सुट्या मिठाईला वेष्टणही नसते. यावर दवाखान्याचे धोरण साधे आहे: सुटे घ्यायचे नाही.

शाळेच्या बाबतीत त्यांनी अपेक्षेपेक्षा जास्त केले. शाळेने सुई ठेवून घ्यायला प्रथम नकार दिला होता. डॉक्टरांनी स्वतः मुख्याध्यापिकांना फोन करून पाव तास बोलून घेतले, नंतर दोन वर्गशिक्षिकांना दवाखान्यात बोलावून मोसंबीवर सराव करून घेतला आणि त्याचे पैसे घेतले नाहीत. इंजेक्शनचा डबा शिक्षकांच्या खोलीत राहील, पण कुलपात नाही, एवढी एकच अट त्यांनी घातली.

आणखी एक सल्ला असा मिळाला, की तो ऐकून आमच्या घरात दोन दिवस शांतता होती. मुलाला आता सहा महिन्यांची बहीण आहे. तिला शेंगदाण्यापासून दूर ठेवायचे, हे आम्ही गृहीतच धरले होते. डॉक्टर म्हणाल्या, उष्टावणानंतर लवकरच तिला शेंगदाणा द्या. एके काळी तीन वर्षांपर्यंत शेंगदाणा टाळण्याचा सल्ला देत. परंतु लंडनमध्ये ६४० बाळांवर झालेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, जोखीम असलेल्या बाळांना पहिल्या वर्षातच नियमित शेंगदाणा दिल्यावर पाचव्या वर्षी त्याची ॲलर्जी जवळजवळ ८० टक्क्यांनी कमी आढळली. बाळाला तपासून पहिला घास दवाखान्यातच दिला, अख्खा दाणा नव्हे तर पातळ केलेली बारीक पेस्ट, कारण दाणा लहान मुलांच्या घशात अडकतो. आता आठवड्यातून तीनदा, मोठा शाळेत असताना, मी तिला ते भरवते. नंतर वाटी वेगळी घासते, ओटा पुसते, हात साबणाने धुते, तिचे तोंड पुसते. नुसत्या सॅनिटायझरने शेंगदाण्याचा अंश जात नाही, हेही तिथेच कळले. एकाच घरात एकाला विष आणि दुसरीला औषध असा हा संसार कसा चालवायचा, याविषयी दवाखान्याने दिलेली माहिती पुरेशी होती. धीर मात्र आमचा आम्हाला गोळा करावा लागला.

मुलाच्या शिंकांचा विषय थोडक्यात. त्वचेच्या त्याच चाचणीत घरातल्या धुळीतले सूक्ष्म किडे आणि गाजर गवत यांच्याही गांध्या आल्या. गाजर गवताची भारतातली सुरुवातीची नोंद १९५० च्या दशकात पुण्यातच झाली होती, तेव्हा त्यात पुणेकराला नवल नसावे. धुळीसाठी तीन-चार वर्षे चालणारी लसीसारखी उपचारपद्धती असते. ती घ्याच असा आग्रह त्यांनी धरला नाही. गाद्या-उशांना अभ्रे, आठवड्याला गरम पाण्यात चादरी आणि नाकातला फवारा यांवर सध्या भागते आहे.

जाणाऱ्यांसाठी काही गोष्टी. पहिल्या भेटीसाठी आम्हाला तीन आठवडे थांबावे लागले आणि दिलेल्या वेळेनंतर दर खेपेस किमान चाळीस मिनिटे बसावे लागले. दवाखाना दुसऱ्या मजल्यावर आहे, उद्वाहन नाही. गुडघेदुखी असलेल्या आजी-आजोबांना न्यायचे तर तसा विचार करावा. गल्लीत चारचाकी लावायला जागा मिळत नाही, रिक्षाने जाणे बरे. पहिल्या भेटीचे १,८०० आणि त्वचेच्या चाचणीचे ३,५०० रुपये झाले. रविवारी फोन उचलला जात नाही. जुने अहवाल सगळे न्या, त्रास झाला तेव्हाचे फोटो असतील तर तेही न्या, सेटिरिझिन कधी बंद करायचे ते फोनवर आधीच विचारून घ्या, आणि मुलासाठी खाऊ घरचाच ठेवा, कारण खालच्या दुकानात फक्त चिक्की, वेफर्स आणि खारे दाणे मिळतात.